बिनमिठाचा घाटा

असोदा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय फुईस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही. तुझ्या शेजारच्या लताबाईंच्या फोनवर मात्र दर आठवड्याला सांगत राहिले, "सगळं बरं आहे, फुईला सांगा." ते खरं नव्हतं. तुला ऐकू येत नाही, निरोप दुसऱ्याच्या तोंडून जातो, म्हणून फोनवर खोटं बोलायला जड जात नाही. लिहायला बसलं की हात अडतो. तुला पाटीवर अक्षरं मीच शिकवली, तुझ्याशी अक्षरांत खोटं कसं बोलू?

तुझ्या भावाची, आबांची तब्येत बरी नाही. डायलिसिस सुरू आहे, दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्यांना रिक्षाने जळगावला नेते. चार तास मशीनवर असतात, तेवढ्यात मी दालमिलच्या ऑफिसात जाऊन येते. मशीनचं त्यांना काही वाटत नाही. त्रास खाण्याचा आहे. दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात, जेवले नाहीत तर मशीन एकटं काही करू शकणार नाही.

आहाराच्या मॅडमनी एक तक्ता दिलाय, तो मी डब्यांच्या फळीवर चिकटवलाय. मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद, पापडखार बंद. शहाळं बंद. बटाटा दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं. केळ्यापुढे तर त्यांनी लाल पेनने तीन फुल्या मारल्यात. आपल्या गावात ही फुली पाळणं किती अवघड आहे तुला ठाऊक आहे. बाहेर केळीच्या गाड्या भरतायत, शेजारी न विचारता केळ्यांची फणी आणून ठेवतात, मी ती परत नेऊन देते. लोकांना वाटतं मी शिष्ट झाले. पण घरात एक केळ येऊ देत नाही. पाणीसुद्धा मापाने देते, वहीत लिहिते.

मी केलेलं बिनमिठाचं वरण आबा गालात धरून बसतात. काल म्हणाले, "पोरी, हाई काय माणुसनं खाणं शे?" 

गुरुवारी रिक्षात डोळे मिटून बसले होते. एकदम म्हणाले, "माले आक्काना हातना घाटा खावाना शे." किती दिवसांनी त्यांनी काहीतरी खायला मागितलं! ज्वारीच्या पापडांसाठी, बिबड्यांसाठी घोटतात तो दाट घाटा मला येतो, पण त्यात पापडखार आणि मीठ लागतं. ते म्हणतात, तुम्ही लहान होतात तेव्हा आजी विकतचं काही घालत नसे, केळीचा खार घरी करायची. तो कसा करायचा ते नीट, पायरीपायरीने लिही. मापं लिही.

तुझी
साक्षी


शिरपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस,
आक्काबाईचा जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं, तू शिकवलंस तसं. लताबाई म्हणते, आता तरी बोट सोड. मी म्हटलं, मास्तरीण असोद्याला आहे, ती सांगेल तेव्हा सोडीन.

महिनाभर तू मला खोटं सांगितलंस त्याबद्दल दोन चापट्या बाकी ठेवल्या आहेत.

खार असा कर. केळीच्या खांबाची बाहेरची वाळलेली सोपटं घे. ओली घेऊ नको, धूर होतो. ती स्वच्छ जागी जाळ. राख पांढरी झाली पाहिजे, काळी असेल तर पुन्हा जाळ. मडक्याला खाली भोक पाडून त्यात कापड घाल, वर राख भर, वरून थोडं थोडं पाणी सोड. खाली चहाच्या रंगाचं पाणी टपकतं, तोच खार. जिभेला चटका देतो.

तू माप विचारलंस. पोरी, माझ्या आईकडे कुठलं माप. वीसेक माणसांचा घाटा असेल तर एक पळी घालायची एवढं आठवतं. मग चव बघायची. ज्वारी तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल, भरड काढ, गाळ, मग आधणात सोडून घोटत राहा. लसूण घाल.

एक खरं सांगते. आधारला तो घाटा गोड आठवतो, कारण तो लहान होता. मी मोठी होते. घरात मीठ नसायचं म्हणून आई खार घालायची. लोकांच्या बागेतली वाळकी सोपटं उचलली तर कोणी अडवत नसे. मीठ दुकानातून आणावं लागायचं. ती चवीची गोष्ट नव्हती. पण तो मागतोय तर कर. वर कच्चं तेल सोड, त्याशिवाय तो ताटाला हात लावणार नाही.

डॉक्टरच्या बाईला आधी विचारून घे. तुम्ही शिकलेल्या माणसांनी विचारलेलं बरं.

तुझी फुई
आक्काबाई


असोदा,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय फुईस,
सप्रेम जय भीम.

खार झाला. पहिल्या खेपेला राख काळी राहिली, ती सगळी टाकून दिली. दुसऱ्या खेपेला सोपटं कोणाच्या बागेतली, त्यांवर औषध फवारलं होतं का, ते विचारून आणली. तू हसशील. चार ठिकाणी विचारलं. शेवटी आबा ज्यांच्याकडे घड वाहायचे त्या हितेंद्रभाऊंनी स्वतः भारा आणून दिला. "आधारभाऊले सांग, लवकर उठ, खांदे रिकामे पडी गयात," असं म्हणाले. आबा हे ऐकून हसले, फुई. मी वहीत लिहिलं, हसले.

घाटा मी थोडा वेगळा करते. तीळ मॅडमनी बंद केलेत म्हणून घालत नाही. अंड्याचा पांढरा भाग रोज द्यायला सांगितलाय, तो आबा नुसता खात नाहीत, म्हणून घाटा उतरवायच्या आधी तो फेटून त्यात घालते. घाटा मऊ आणि हलका होतो, अंड्याचा वास लसणात दबतो. मीठ एक कणही नाही. आजीचाच घाटा, पण ताकदीचा.

पहिल्या दिवशी पाच चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी नऊ. म्हणाले, "तोंडले चव उनी." मी मोरीत जाऊन रडले.

तू विचार म्हणालीस ते मी वहीत प्रश्न सात म्हणून लिहिलंय : घरचा केळीचा खार चालेल का? सोमवारी मॅडमभोवती गर्दी होती. शिवाय मागच्या खेपेला मी विचारलं होतं की गोळीबरोबर प्यायलेला घोट पाण्याच्या मापात धरायचा का, तर त्या हसल्या आणि बाकावरची माणसंही हसली. "ताई, तुम्ही स्वतःची पण एकदा तपासणी करून घ्या," असं एक काका म्हणाले. पुढच्या सोमवारी नक्की विचारते. तसं पाहिलं तर फुल्या केळ्यावर आहेत. सोपट म्हणजे फळ नाही, आणि हे तर जळून गेलेलं.

तू एक पळी म्हणालीस, पण कोणती पळी? आमटीची की तेलाची?

तुझी
साक्षी


शिरपूर,
५ मार्च २०२५

चि. साक्षीस,

तेलाची.

आधार नऊ चमचे जेवला हे वाचून मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मी फार ओरडून सांगितलं असणार, कारण तीन घरांतून बाया बाहेर आल्या.

अंडं घातलंस हे आईने पाहिलं असतं तर तिने तोंडात बोट घातलं असतं. अंडं मिळालं असतं तर तिनेही घातलं असतं.

विचारलंस का? ते लिही. मला लिहिण्याची सवय नाही, हात दुखतो, म्हणून एवढंच.

तुझी फुई
आक्काबाई


असोदा,
१८ मार्च २०२५

प्रिय फुईस,
सप्रेम जय भीम.

विचारलं. घरचं आहे, भेसळ नाही, हरकत नाही, असं म्हणाल्या.

आबांचं वजन सहाशे ग्रॅम वाढलं. पाणी चढलेलं नाही, मी पायाची सूज बोटाने दाबून बघते रोज. दोन्ही वेळ घाटा खातात, वाटीभर. आता त्यांना तो आणखी चटकदार लागतो. मीठ नसल्याने चार दिवसांनी तोच खार फिका वाटायला लागला. मग मी थोडा वाढवला. पण खार वाढवला की पाणी वाढतं, आणि पाण्याचं माप मोडायचं नाही. त्यावर एक युक्ती काढली. खार मंद आचेवर आटवून घेते, अगदी काकवीसारखा दाट. मग एका चमच्यात पळीभर खाराची चव येते आणि पाणी जवळजवळ नाहीच. तू इथे असतीस तर शाबासकी दिली असतीस.

आबा म्हणतात, ओठांना मुंग्या येतात, लहानपणी यायच्या तशा. "आक्काले लिख, तोच खार शे." पाय मात्र जड पडतात म्हणतात, परवा ओटा चढताना मला धरावं लागलं. इतके दिवस पडून राहिल्याने असेल. आता खाणं सुरू झालंय, ताकद येईल.

जयंतीला मिरवणुकीत चालायचं म्हणतात. पांढरा शर्ट घेऊन ये म्हणाले. नवीन आणलाय. जुने सगळे केळीच्या चिकाने डागाळलेले, धुऊन धुऊन विरले पण डाग गेले नाहीत.

तुझी
साक्षी


शिरपूर,
२९ मार्च २०२५

चि. साक्षीस,
जय भीम.

शाबास. मास्तरणीला मी काय शाबासकी देणार, पण घे.

तरी एक लिहिते. आई हा घाटा वर्षातून एकदा बिबड्या करताना आणि मीठ नसेल त्या दिवसांत करायची. रोज कोणी खात नव्हतं. मुंग्या आम्हाला यायच्या का ते मला आठवत नाही. चटका बसायचा. त्याला येत असतील तर येत असतील, त्याची जीभ नाजूक. पण तू विचारलं आहेस, बाई हो म्हणाली आहे, तेव्हा माझं काही म्हणणं नाही.

मीही इथे खार करायला घेतला. दोन बाटल्या भरल्या. जयंतीनंतर येईन तेव्हा आणीन. भाऊ जेवतोय आणि मी इथे बसून राहू का? त्याच्या ताटात माझ्या हातचं काहीतरी पडू दे.

शर्टाला नीळ घालू नको, पिवळा पडतो.

तुझी फुई
आक्काबाई


शिरपूर,
२४ एप्रिल २०२५

चि. साक्षीस,

मी नीट पोचले. एसटीत जागा मिळाली.

तू मला सोडायला स्टँडवर आलीस तेव्हा तोंड फिरवून उभी होतीस. आठ दिवस मी तुझ्या घरात राहिले, तू माझ्याकडे एकदाही सरळ पाहिलं नाहीस. वंदनेला बसलीस तरी खाली बघून. मी रागावले नाही. बाप गेल्यावर कोण कोणाकडे बघतं. पण तू पाच वर्षांची असल्यापासून मी तुला पाहिलं आहे. तुझी आई गेली तेव्हाही तू बघत होतीस, टुकूटुकू बघत होतीस. या वेळी नाही. म्हणून लिहिते.

तुला वाटत असेल की सोमवारची पाळी चुकवली म्हणून गेला. त्यानेच तुला सांगितलं ना, जयंती झाल्यावर मंगळवारी जाऊ म्हणून. तो हट्टी होता. लहानपणी तापात नदीवर गेला होता. तू काय त्याला बांधून नेणार होतीस? पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसला, निळे झेंडे बघितले आणि खाली वाकला. चांगलं मरण म्हणतात लोक. मी म्हणत नाही, मरण ते मरण. पण उपाशी गेला नाही. हे मी सगळ्यांना सांगते. माझा भाऊ दोन महिने पोटभर जेवून गेला, त्याच्या लेकीच्या हातचं, आणि त्यात माझ्या आईचा खार होता. मला तेवढाच आधार.

इथे प्रमिलाबाई आहे, माझ्या मागच्या घरची. तुला बोरं द्यायची ती. तिचीही किडनी गेली आहे, तिला धुळ्याला मशीनवर नेतात. अन्न जात नाही तिला, तोंड वाकडं करून बसते. मी तिच्या सुनेला सांगितलं, माझा भाऊ कसा जेवायला लागला ते. तुझ्या कृतीने, अंडं घालून, खार आटवून, बिनमिठाचा घाटा परवापासून तिला देते आहे. त्याच्यासाठी भरलेल्या बाटल्या होत्याच. काल तिने वाटी चाटून पुसून दिली.

एक मागणं आहे. आधारचा एक जुना शर्ट पाठव, कामावरचा. धुतलेला नको.

तुझी फुई
आक्काबाई


असोदा,
२९ एप्रिल २०२५

फुई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. उभ्यानेच लताबाईंना फोन केला. त्यांनी तुझ्याकडून प्रमिलाबाईंचा घाटा बंद करवला असेल, त्यांना धुळ्याला नेलं असेल. मी लताबाईंना एक शब्द कागदावर लिहून घ्यायला लावला, पोटॅशियम, आणि सांगितलं की डॉक्टरांना हाच शब्द सांगा आणि राखेचा खार खाल्लाय असं सांगा. लताबाईंनी विचारलं, का गं? मी म्हटलं, फुईला पत्रात लिहिते. म्हणजे आता लिहावंच लागेल.

आबांना ओट्यावरून उचलून आम्ही दवाखान्यात नेलं. तू नंतर आलीस, तुला माहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोटॅशियमचा आकडा साडेतीन ते पाच हवा असतो, तो आठच्या वर होता. त्याने हृदय थांबतं. त्यांनी मला विचारलं, "केळी दिलीत? शहाळं दिलंत?" मी म्हटलं, "शपथेवर सांगते, दोन महिन्यांत घरात केळ आलं नाही." आणि माझी वही पुढे केली. मला वही दाखवायची होती, फुई. कोणीतरी ती वाचावी असं मला फार दिवस वाटत होतं.

त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, "खार म्हणजे?" मी सांगितलं. केळीच्या सोपटांची राख, पाणी सोडून, आटवून. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ताई, केळ्यात जे असतं ते झाडातही असतं. जाळल्यावर बाकी सगळं जातं, तेच मागे राहतं. आणि तुम्ही ते आटवलंत." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. आरडाओरडा केला नाही. कागदावर त्यांनी फक्त हृदय बंद पडल्याचं लिहिलं. आबा तेव्हा गेलेले होते.

मुंग्या त्याच्याच होत्या. पाय जड पडायचे ते त्यानेच. मी ते तुला आनंदाने लिहिलं होतं.

म्हणजे मी घरात एक फणी येऊ दिली नाही आणि अख्खी बाग आटवून चमच्याने त्यांना भरवली. दोन्ही वेळ. ते "आखो दे" म्हणाले की आणखी.

आता दुसरं. मी मॅडमना विचारलं नव्हतं. १८ मार्चच्या पत्रात "विचारलं" असं लिहिलं ते खोटं आहे. घरचं आहे, हरकत नाही, हे मीच मला म्हणाले होते. चार सोमवार मी वही उघडून त्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. एकदा तर त्यांनी स्वतः विचारलं, "काय, आज काही प्रश्न नाहीत?" आणि लोक हसतील म्हणून मी नाही म्हटलं. लोकांचं तर निमित्त. खरं कारण त्याहून वाईट आहे. त्या नको म्हणतील याची मला भीती होती. आबा जेवत होते. मला ते थांबवायचं नव्हतं.

प्रश्न सात अजून तसाच आहे. बाकी सगळ्या प्रश्नांपुढे मी बरोबरची खूण केलेली आहे.

तू इथे होतीस ते आठ दिवस मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. तू मला "पोटभर जेवून गेला" म्हणायचीस आणि मी गप्प राहायचे. मला वाटलं, मी एकटीने हे घेऊन बसले तर निदान तुझ्या आईचा खार तुझ्यापाशी चांगला राहील. आणि मी गप्प राहिले म्हणून तू तो प्रमिलाबाईंना दिलास. म्हणजे गप्प राहण्यातही मी तेच केलं.

पळीचं माप तू बरोबर दिलं होतंस. वीस माणसांना एक. वर्षातून कधीतरी. तुझं काहीही चुकलेलं नाही. हे वाक्य बोट ठेवून वाच.

शर्ट पाठवते. तो करड्या चौकड्यांचा. धुतलेला नाही.

साक्षी


शिरपूर,
१२ मे २०२५

साक्षीस,

पत्राला उशीर झाला. मुद्दाम केला.

आधी प्रमिलाबाईचं. लताबाई मला हाताने खुणा करत धावत आली, मी पातेलं उतरवत होते. प्रमिलाबाईने पाच दिवस खाल्लं होतं. धुळ्याला नेलं. लताबाईने तुझा कागद डॉक्टरच्या हातात दिला. लगेच मशीनवर घेतलं. चार दिवसांनी घरी आणलं. जिवंत आहे. तिची सून माझं पातेलं माझ्या दारात फेकून गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तोंड दिसत होतं. आता त्या घरचं कोणी माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मला तुझा राग आला. दोन दिवस आला. भिंतीवर आधारचा फोटो आहे त्यात तू लहान आहेस, तो मी उलटा करून ठेवला. तू शिकलीस, तू विचारायचं होतंस. घरात तू पहिली शिकलीस ते कशासाठी? हे मी तुला लिहिते आहे कारण नाही लिहिलं तर तू माझ्यासारखी बहिरी होऊन समजशील की मी रागावलेच नाही.

मग माझा राग आला. तू म्हणतेस माझं काही चुकलं नाही. ते वाक्य मी बोट ठेवून वाचलं. ते खरं नाही. विचारलंस का, असं मी दोनदा लिहिलं. तू हो लिहिलंस आणि मला सुटल्यासारखं झालं. मुंग्यांचं वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, आम्हाला कधी मुंग्या आल्या नाहीत. तेही मी लिहिलं आणि मग पुसलं नाही एवढंच. तुला थांब म्हटलं नाही. मलाही त्याच्या ताटात माझं काहीतरी पडायला हवं होतं. तो तुला आखो दे म्हणायचा, मला ते इथे ऐकू येत होतं. दुसरं काही ऐकू येत नाही, पण तेवढं येत होतं.

कोणाचं किती ते मोजायला आपल्याकडे पळी नाही. तू वहीत मोजायला बसशील, म्हणून आधीच सांगते, बसू नको. वही जाळूही नको. ठेव. कोणीतरी विचारायला येईल, काय दिलं होतं म्हणून, तेव्हा दाखव. मी इथे लताबाईला सांगितलं आहे, ज्याची किडनी गेली असेल त्याच्या घरी जाऊन हे सांग, माझं नाव घेऊन सांग.

शर्ट मिळाला. उघडून नाकाशी धरला. घाम होता, विडी होती, केळीचा चीक होता. चार दिवस उशाशी ठेवला.

मग काल काय झालं ते लिहिते. दोन बाटल्यांतला उरलेला खार घरात ठेवायचा नव्हता. मोरीत ओतवेना, आईचा होता. म्हटलं, कपडे धुण्यासाठीच होता तो एके काळी, आई त्यातच आमचे कपडे उकळायची. बादलीत बठ्ठा, थेंब न ठेवता, ओतला, आणि हाताला आला तो शर्ट त्यात घातला. दोन तास चोळला. कॉलर नवी असल्यासारखी निघाली.

खांद्यावरचे डाग तसेच आहेत, जिथे तो घड ठेवायचा. ते गेले नाहीत.

वाळल्यावर दोरीवरून काढून नाकाशी धरला, तेव्हा कळलं. वास गेला. त्या वासासाठीच तर मागवला होता, न धुतलेला पाठव म्हणून तुला लिहिलं होतं. कोणी मला धू म्हटलं नव्हतं.

म्हणून सांगते, माणसाच्या हातून होतं.

दुसरा शर्ट असेल तर पाठव. आणि तो आणायला स्वतः ये. दोन चापट्या बाकी आहेत.

फुई


असोदा,
२० मे २०२५

फुई,

दुसरा शर्ट नाही. बाकीचे मी तू इथे होतीस त्याच आठवड्यात धुऊन टाकले होते, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. पांढरा त्यांच्या अंगावरच गेला.

घड वाहताना ते डोक्याला बांधायचे ते फडकं खुंटीला राहिलं होतं. मी नाकाशी धरलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवलंय. रविवारी सकाळच्या गाडीने घेऊन येते.

तूच उघड.

साक्षी